‘मुक्ता’ या नावात काय काय आहे

गणपतीच्या आरतीत ‘कंठी झळके माळ मुक्ताफळांची’ ही ओळ आपण सगळे टाळ्यांच्या तालात म्हणून जातो. त्या मुक्ताफळांतली ‘मुक्ता’ आणि मुलीचं नाव म्हणून ठेवतो ती मुक्ता, शब्द एकच. संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती. तरी मराठी घरात मुलीचं नाव मुक्ता ठेवलं, तर आलेल्या पाहुण्याला मोती आठवत नाही. त्याला आठवते मोकळी, कुणाच्या बंधनात नसलेली मुलगी, आणि तिच्यामागे उभी असलेली ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण.

एका नावाचे दोन अर्थ कसे झाले आणि त्यातला एक मराठीत एवढा वरचढ कसा ठरला, हे कळायला थोडं व्याकरण लागतं आणि बराचसा इतिहास. व्याकरण आधी उरकून घेऊ.

संस्कृतात ‘मुच्’ हा धातू आहे. अर्थ सोडणे, सुटणे. त्यापासून मुक्त, मुक्ती, मोक्ष, मोचन, मुमुक्षू हे शब्द तयार झाले. ‘मुक्त’ला स्त्रीलिंगी ‘आ’ लागला की मुक्ता: जी सुटली आहे ती. ‘मुक्ती’ हेही मुलीचं नाव असतं, पण दोहोंत फरक आहे. मुक्ती म्हणजे सुटका, ती मिळायची असते. मुक्ता म्हणजे जिला ती मिळालेलीच आहे.

मग मोत्याला मुक्ता का म्हणायचं? जुने टीकाकार सांगतात, शिंपल्यातून सुटून बाहेर येतं म्हणून. व्युत्पत्ती दिसायला सुबक आहे. पण अनेक भाषाभ्यासक वेगळी वाट दाखवतात. मोत्याला तमिळमध्ये मुत्तु म्हणतात, कन्नडमध्येही मुत्तु, तेलुगूत मुत्यमु. मोती निघायचे ते प्रामुख्याने दक्षिणेत, तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांचे प्रकार दिले आहेत, त्यांत पहिली नावं दक्षिणेतली ताम्रपर्णी नदी आणि पांड्य देश यांच्याशी जोडलेली आहेत. माल दक्षिणेतून उत्तरेला गेला आणि मालाबरोबर त्याचं नावही गेलं. संस्कृत बोलणाऱ्यांनी ‘मुत्तु’ला आपल्या ओळखीच्या ‘मुक्ता’चा पोशाख चढवला, असं हे मत आहे. मला हेच जास्त पटतं. व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेले शब्द पंडितांच्या हाती लागले की त्यांना धातू-प्रत्यय मिळतातच. तसं असेल तर मद्रासच्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी, म्हणजे देवदासी प्रथेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटलेल्या त्या आमदार आणि डॉक्टर, आणि आपल्याकडची मुक्ता यांची नावं मुळाशी सख्खी निघतात.

संस्कृत ‘मौक्तिक’ प्राकृतात ‘मोत्तिअ’ झालं आणि मराठीत ‘मोती’. म्हणजे जुन्या पिढीतल्या मोतीबाई आणि मुक्ताबाई एकाच घरच्या. मोत्यावरून मुलीचं नाव ठेवायची हौस काही आपलीच नाही. मोत्याला ग्रीकमध्ये ‘मार्गारितेस’ म्हणत, त्यावरून मार्गारेट आणि मार्गारिटा, आणि मार्गारिटाचं शेवटचं टोक तोडून रीटा. गोव्यातली, वसईतली एखादी रीटा आणि पंढरपुरातली एखादी मुक्ता एकमेकींना कधी भेटल्या, तर अर्थाच्या बाबतीत त्या नावबहिणी आहेत.

मोत्याचा मान आपल्याकडे किती होता, हे आजीच्या डब्यातले दागिने सांगतात. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, सगळं मोत्यांचं. त्यातही बसऱ्याचे मोती म्हणजे शेवटचा शब्द. इराणच्या आखातातले मोती मुंबईच्या बाजारात यायचे, इथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची आणि ते जगभर जायचे. विसाव्या शतकात जपानी संवर्धित मोती आले आणि पाण्यात बुड्या मारून काढलेल्या मोत्यांचा तो व्यापार बसला. मोती स्वस्त झाला आणि नावातला त्याचा दिमाखही उतरला. बंगालमध्ये अजून मुक्ता म्हटलं की आधी मोतीच येतो, कारण तिथे रोजच्या बोलण्यात मोत्याला मुक्ता किंवा मुक्तो म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘मुक्ताफळं’ उरली ती फक्त पुढाऱ्यांनी उधळायची, वर्तमानपत्राच्या मथळ्यात.

पण मोती मागे पडण्याचं खरं कारण बाजारात नाही. ते तेराव्या शतकातल्या एका घरात आहे.

चार भावंडं, एक वाक्य

विठ्ठलपंत कुलकर्णी आपेगावचे. लग्न झालेलं असताना ते काशीला जाऊन संन्यासी झाले. पुढे गुरूंच्या आज्ञेवरून परत आले, रुक्मिणीबरोबर पुन्हा संसाराला लागले आणि त्यांना चार मुलं झाली. संन्याशाचा संसार म्हणून समाजाने कुटुंबाला वाळीत टाकलं. सर्वसाधारणपणे धरल्या जाणाऱ्या सनावळीप्रमाणे थोरल्याचा जन्म इ. स. १२७३ चा, मग दर दोन वर्षांनी एकेक, आणि सगळ्यांत धाकटी मुलगी १२७९ ची.

आता मुलांची नावं क्रमाने वाचा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता.

निवृत्ती म्हणजे प्रपंचातून मन काढून घेणं. त्यानंतर ज्ञान. सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. आणि पायऱ्या चढून गेल्यावर मुक्ता. चार नावं मिळून वेदान्ताचा अख्खा मार्ग होतो. एकदा संन्यास घेतलेल्या आणि मग संसारात परतलेल्या बापाने आपली अपुरी राहिलेली वाट मुलांच्या नावांत लिहून ठेवली, असं मला हा क्रम वाचताना दरवेळी वाटतं. या घरात ‘मुक्ता’चा अर्थ मोती असणं शक्यच नव्हतं. आणि शेवटची पायरी, जिथे पोचायचं ते ठिकाण, मुलीच्या वाट्याला आलं. तेराव्या शतकात. हा योगायोग असेल, जन्माच्या क्रमाने तसं झालं असेल, तरी पुढे ती मुलगी जशी वागली त्याने तो योगायोग खरा करून दाखवला.

आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तेव्हा ही मुलं लहान होती. मुक्ताला वाढवलं भावांनी. तिच्याबद्दलच्या कथा आपल्या सगळ्यांना थोड्याफार माहीत असतात: मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही तेव्हा ज्ञानेश्वरांनी पाठ तापवून दिली, ती कथा, वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची कथा. या कथांपेक्षा तिची भाषा मला जास्त मोलाची वाटते, आणि ती सगळ्यांत स्वच्छ ऐकू येते ताटीच्या अभंगांत.

प्रसंग असा. बाहेर कुणीतरी अपमान केला, ज्ञानेश्वर दुखावले आणि ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे झोपडीला असतं तसं काटक्या-बांबूचं झापाचं दार. बाहेर मुक्ता उभी. वयाने सगळ्यांत लहान, आत बसलेला भाऊ अलौकिक बुद्धीचा. ती रडत नाही, विनवण्या करत नाही. समजावते.

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥

जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हावं. आणि दर कडव्याच्या शेवटी, ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. लक्षात घ्या, हाक ‘दादा’ अशी नाही. ज्याने विश्वाला शिकवायचं त्याला ती त्याच्या पूर्ण नावाने हाक मारते, त्याच्या मोठेपणाची आठवण करून देते आणि मग त्याच मोठेपणाला साजेसं वाग म्हणून बजावते. धाकट्या बहिणीने मोठ्या भावाला इतक्या अधिकाराने आणि इतक्या मायेने सांगितलेलं दुसरं काही मराठीत मला तरी ठाऊक नाही.

चांगदेवांच्या कथेतही तीच. चौदाशे वर्षं जगलेले म्हणून ख्याती असलेल्या चांगदेवांना या पोरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना काय लिहावा हे सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार करावा? शेवटी कोराच कागद आला. मुक्ता म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्तालाच, असं वारकरी परंपरा सांगते.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. सोपानदेवांची समाधी सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला. मुक्ताची मात्र तशी समाधी नाही. १२९७ मध्ये तापीच्या काठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. तेव्हा ती असेल अठरा वर्षांची. जळगाव जिल्ह्यातलं कोथळी आणि मेहूण ही तिची ठिकाणं, आणि जवळच्या एदलाबाद गावाचं नाव आता मुक्ताईनगर आहे. महाराष्ट्रात राज्यकर्त्यांची, सेनापतींची नावं घेतलेली गावं खूप. अठरा वर्षांच्या मुलीचं नाव घेतलेला तालुका हा एक.

आषाढीला तिची पालखी मुक्ताईनगरहून निघते. आळंदी-देहूच्या पालख्या बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी तिला निघावं लागतं, कारण तिचा रस्ता लांबचा, खानदेशातून विदर्भाची कड घेऊन मराठवाड्यातून पंढरपूर. वाटेत बीडला तिचे आजोबा गोविंदपंत यांच्या समाधीपाशी पालखी थांबते. नात आजोबांना भेटायला आली, असं लोक म्हणतात आणि गर्दी करतात.

या सगळ्यात नावाचं काय झालं ते पाहा. मुक्ताला आदराचा ‘बाई’ लागून मुक्ताबाई झाली, ‘आई’ लागून मुक्ताई झाली, वारकऱ्यांच्या तोंडी आदिशक्ती मुक्ताई झाली. जिचं लग्न झालं नाही, जिला मूलबाळ नाही, जी अठराव्या वर्षी गेली, तिला सातशे वर्षं लोक ‘आई’ म्हणतात. शब्दकोशात काहीही लिहिलेलं असो, मराठीत या नावाचा अर्थ या मुलीने ठरवला.

१८५५ ची मुक्ता

साडेपाचशे वर्षांनी पुण्यात दुसरी मुक्ता भेटते. मुक्ता साळवे, मांग समाजातली. महात्मा फुल्यांच्या शाळेत शिकणारी. वय सुमारे चौदा. तिने एक निबंध लिहिला, ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’, आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापून आला.

हा निबंध शाळकरी मुलीचा म्हणून कौतुकाने वाचायचा नाही. तिने सरळ धर्माला हात घातला आहे. वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल, तर मग आमचा धर्म कोणता, ते देवानेच सांगावं, असा तिचा सवाल आहे. पेशवाईत अस्पृश्यांना तालीमखान्यावरून जायचीही सोय नव्हती, गेलं तर गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि शिराचा चेंडू होई, हे तिने लिहून ठेवलं. वाड्यांच्या पायात तिच्या लोकांना गाडलं जाई, हे लिहिलं. आणि एक गोष्ट अशी लिहिली जी त्या काळच्या कुठल्या पुरुष सुधारकाला सुचली नसती: तिच्या समाजातल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा. चौदा वर्षांच्या मुलीने हे लिहिलं आणि ते छापलं गेलं. दलित स्त्रीच्या लेखनाचा इतिहास सांगणारे सुरुवात इथून करतात.

तिचं नाव मुक्ता कुणी आणि का ठेवलं हे बाजूला ठेवू. एवढं खरं, की एकोणिसाव्या शतकात हे नाव कुठल्या एका जातीचं उरलं नव्हतं. वाळीत टाकलेल्या ब्राह्मण घरातली मुलगी ते मांगवाड्यातली मुलगी, दोघी मुक्ता. वारीने जी नावं सगळ्यांची करून टाकली, तुकाराम, नामदेव, जनाबाई, सोपान, त्यांतलं हेही एक. आणि दोघींचं काम बघितलं तर तेही सारखंच. विद्वानांच्या बंद दारापुढे उभं राहून एका अल्पवयीन मुलीने बोलणं. एकीने भावाची ताटी उघडवली, दुसरीसाठी दार उघडलं गेलं नाही तरी तिने जे म्हणायचं ते म्हटलं.

मग हे नाव किती चालतं?

इथे जरा सावध राहायला हवं. मुलांच्या नावांच्या संकेतस्थळांवर ‘लोकप्रियता क्रमांक अमुक’ असं छातीठोकपणे लिहिलेलं असतं. अमेरिकेत तसा आकडा खरोखर निघतो, कारण तिथलं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनची नावं जाहीर करतं, वर्षात किमान पाच बाळांना दिलेलं प्रत्येक नाव. भारतात सरकार अशी यादी प्रसिद्ध करत नाही. शिवाय आपल्याकडे जन्माची नोंद होते तेव्हा बाळाला नाव असेलच असं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर घालायची सोय आहे: वर्षभरात घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. बारशाला एक, दाखल्यावर एक आणि घरात तिसरंच, असंही असतं. म्हणून भारतीय नावाचा क्रमांक कुणी सांगितला, तर तो त्या संकेतस्थळावर किती जणांनी टिचकी मारली याचा असतो, बाळांचा नव्हे.

पण पिढ्यांचा कल डोळ्यांना दिसतो. मतदार यादी चाळा. सत्तरीच्या पुढच्या बायकांत मुक्ताबाई, खेड्यांत विशेष. त्यानंतरच्या वयोगटांत ‘बाई’ गळून पडते आणि सुनीता, संगीता, वैशाली, मनीषा यांची लाट येते. त्या लाटेत मुक्ता तुरळक. मग शहरी, वाचत्या घरांत ती पुन्हा उगवते, ‘बाई’शिवाय, दोन अक्षरांची, जोडाक्षरामुळे ठसठशीत. स्त्रियांच्या चळवळीने मोकळेपणाचा शब्द घराघरांत नेला त्याच काळात आपल्या मुलीला हे नाव द्यावंसं वाटणारे आईबाप वाढले असावेत, असं माझं मत आहे. पुण्याच्या महापौर झालेल्या मुक्ता टिळक, अभिनेत्री मुक्ता बर्वे या नावाच्या नव्या रूपातल्या. आजच्या बालवाडीत आन्वी, कियारा, मायरा यांच्या गर्दीत मुक्ता एखादीच सापडेल. पहिल्या दहांत ती कधी नसेल. पण ती जुनाटही वाटत नाही, आणि सातशे वर्षं वापरात असलेल्या नावाबद्दल असं म्हणता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

नाव न ठेवण्याची कारणंही ऐकू येतात. काही जणांना ते ‘फार संतांचं’ वाटतं, मुलगी विरक्त होईल अशी धास्ती वाटते. मला यात तथ्य वाटत नाही. ज्या मुक्ताईला आपण ओळखतो ती मांडे भाजणारी, रुसलेल्या भावाला समजावणारी, म्हाताऱ्या योग्याला फटकारणारी आहे. विरक्तीपेक्षा तिच्यात ठसका जास्त.

पत्रिका बघणाऱ्यांसाठी: मघा नक्षत्राची चरणाक्षरं मा, मी, मू, मे. म्हणून मघा नक्षत्रावर, म्हणजे सिंह राशीला जन्मलेल्या मुलीसाठी गुरुजी ‘मु’वरून नाव काढतात तेव्हा मुक्ता यादीत येते. परदेशात राहणाऱ्यांसाठी: रोमन लिपीतलं नाव वाचताना तिथले शिक्षक ‘मक्टा’ म्हणतात. पहिल्या दिवशीच ‘मु’ नीट करून घ्यावा, मुलं शिकवतात आणि शिक्षक शिकतात.

एक जुनी रीत मात्र या नावाच्या आड कायम यायची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचं. माहेरची मुक्ता सासरी जाऊन दुसरीच कुणी व्हायची, आणि पुढची पिढी आईला त्या दुसऱ्याच नावाने ओळखायची. कितीतरी मुक्ता अशा ताटात पुसल्या गेल्या असतील. आता ही रीत बरीच सुटली आहे, निदान शहरांत. आणि कागदावरही एक बदल झाला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नोंद सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी होते. त्यामुळे आज तिशीत असलेल्या मुक्तांचं नाव त्यांच्या लेकरांच्या जन्मदाखल्यावर, पुढे शाळेच्या पटावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या आधी लिहिलं जाणार आहे.